खिळे

धक्क्यापासून कॉलेजच्या फाटकापर्यंत चारशे पावलं.
मध्ये माझं दुकान. झेरॉक्स, वह्या, कोकम सरबत
आणि आता भिंतीवर नऊ खिळे.

खिळे ठोकले मी, पण ते परिपत्रकाचे.
त्याच्याही प्रती माझ्याकडेच काढल्या शिपायाने,
चाळीस, दोन रुपयांनी.
'धर्म दर्शवणारा कोणताही पोशाख'
मशीनच्या हिरव्या उजेडात ते वाक्य
चाळीस वेळा डोळ्यांखालून सरकलं
आणि मी सुटे मोजत राहिले.

सातच्या फेरीबोटीने मुली येतात.
पिना ओठांत धरून, जर्नलबद्दल भांडत
काळ्या, राखाडी घड्या घालतात.
तीन नंबरला रुमाना मुकादम, चारला तिची चुलतबहीण.
उघड्या मानेला खाडीचा वारा लागला
की खांदे आपोआप वर येतात त्यांचे.
नाझमीनचे नाही येत.
पहिल्याच दिवशी तिने माझ्या आरशात
जरा जास्तच वेळ पाहिलं, म्हणाली,
'काकी, बरं झालं, घरी सरकारचं नाव सांगता येतं.'
हे मी कुणाला बोलले नाही.
बोटीवरच्या लिलावात
या वाक्याला पापलेटाचा भाव आला असता.

बोटीवर रोज तेच.
बागकर गुरुजी म्हणतात, शासनाला धर्म नाही,
मग शासनाच्या बाकावर बसणाऱ्याने तो घालून का यावं?
हमदुले चाचा म्हणतात, ज्याला धर्म नाही
त्याने पोरीच्या डोक्याकडे बघावंच कशाला?
दोघांचंही पटतं मला. माझी हीच पंचाईत.
गुरुजींच्या कपाळावर गंध असतं,
कॉलेजच्या नव्या कॉम्प्युटरला नारळ फोडला, कुंकू लावलं,
पण गंध म्हणजे काही कपडा नव्हे.
तांडेल ओरडतो, मोटारसायकली डावीकडे घ्या,
बोट कलतेय.

मी बत्तीसची होते.
नवरा ट्रॉलरवरून परत आला नाही.
पाच बायका घरात आल्या, नात्यातल्याच,
त्यांचे हात मऊ होते, रडतही होत्या.
बांगड्या काढल्या, कपाळ पुसलं.
तेव्हा कुठलं परिपत्रक नव्हतं.
चार वर्षांनी तालुक्याच्या मॅडमनी
मला मंचावर बोलावून टिकली लावली.
टाळ्या वाजल्या, फोटो निघाला.
मॅडमचेही हात मऊ होते.
घरी येऊन मी ती टिकली आरशाच्या कडेला चिकटवली.
लावायची की नाही
ते ठरवायला मला पुढे आठ महिने लागले,
आणि तेवढेच आठ महिने माझे होते.

सहाव्या खिळ्यावर काहीच टांगलं गेलं नाही.
सबाहत खोत. स्कार्फ काढला नाही तिने,
हट्टानेही नाही. हात वर नेला आणि
तिथेच राहिला.
मग माझ्या बाकड्यावर रसायनशास्त्र वाचत बसली
दुपारच्या बोटीपर्यंत.
तीन दिवस अशी. मध्येच मला
बेन्झीनचं कडं काढून दाखवलं,
सहा कोपरे, काकी, आणि आतले जोड सारखे जागा बदलतात.
चौथ्या दिवशी बोट वेळेवर आली.
ती नव्हती.

एक समितीही येऊन गेली.
या पिशव्यांत काय आहे?
म्हटलं, कपडे.
कुणाचे?
समितीला बोट गाठायची होती,
उत्तराला थांबली नाही.

काल तिचे वडील आले, टोपी हातात धरून,
माझ्यासमोर का काढली कुणास ठाऊक.
पोरीचे जर्नलचे कागद आहेत म्हणे तुमच्याकडे,
किती झाले गो?
चाळीस पानं. ऐंशी रुपये.
गठ्ठा माझ्या कोपराखालीच होता, रबर लावलेला.
मी म्हटलं, अजून बरीच पानं काढायची आहेत.
आणि कुठली काढायची ते तिलाच ठाऊक,
तिलाच पाठवा.